जीवरक्षक साधने (गोड्या पाण्यातील मासेमारी)

धरणे, तलाव व नद्यांवर मासे धरणाऱ्यांनी स्वतः तरंगत राहण्यासाठी आणि बुडणाऱ्याला बाहेर काढण्यासाठी जवळ ठेवायची साधने. समुद्रावरच्या नौकांच्या मानाने यादी आटोपशीर असते: लाइफ जॅकेट, बुडणाऱ्याकडे फेकायचे तरंगते कडे, दोर, लांब बांबू आणि चाकू.

महाराष्ट्रातल्या नदीकाठांना तरंगण्याची साधने नवी नाहीत. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड होती, पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधत. आता ट्रकची ट्यूब आणि थर्माकोलचा तराफा आला. ट्यूबवर बसून एकटा माणूस जाळे लावून येतो. तिची हवा गेली की वाहन आणि आधार दोन्ही एकदमच जातात.

जलाशयाचे पाणी वरून संथ दिसते. भीमेवरच्या उजनीत बुडालेली गावे आहेत. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. अशा तळाशी झाडांचे बुंधे आणि पडक्या भिंती असतात, त्यांत जाळे अडकते आणि ते ओढताना होडी कलते. उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाचा वारा येतो तो वेगळाच. २१ मे २०२४ रोजी उजनीतच कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी अशाच वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले, एक जण पोहून काठाला लागला. ती प्रवासी होडी होती. जाळी काढणाऱ्यांच्या होड्या बहुधा याहून लहान असतात.

जॅकेटची तरंगशक्ती न्यूटनमध्ये मोजतात. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्याला पुरते; शुद्ध हरपलेल्याचे तोंड पाण्यावर राहायला हवे असेल तर १०० किंवा त्याहून अधिकचे लागते. पट्टे सैल असले तर ते डोक्यावरून निघू पाहते. प्रत्यक्षात उकडते, बकलात तंगूस (जाळ्याचा नायलॉनचा दोरा) गुंतते, म्हणून जॅकेट होडीतच, बहुतेकदा जाळ्याच्या ढिगाखाली पडलेले असते. उलटलेल्या होडीखालून ते काढून अंगात घालणे जवळजवळ अशक्यच.

जहाजांवरच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले कडे किमान अडीच किलोचे असते. जवळून फेकले तर डोक्याला लागेल. तळ्याकाठी झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन तितकाच उपयोगी पडतो. त्यात पेलाभर पाणी ठेवावे, नाहीतर वाऱ्याने तो भलतीकडे जातो. मुठीला वीसेक मीटर दोर बांधून दुसरे टोक काठावर पक्के करायचे. कॅन माणसाच्या पलीकडे टाकून दोर त्याच्या हाताशी ओढत आणतात.

आधी बांबू पुढे करावा, पोहोचत नसेल तर दोर, मग होडी. पाण्यात उडी सर्वांत शेवटी. घाबरलेला माणूस सोडवायला आलेल्याच्याच गळ्याला मिठी मारतो. दोर नसेल तेव्हा बायका अंगावरची साडी सोडून फेकतात, आणि ती चालते.

वरच्या यादीत चाकू आहे, एरवी मात्र त्याचा उल्लेख फारसा नसतो. नायलॉनचे जाळे पायात गुंतले तर पट्टीचा पोहणाराही बुडतो, आणि जॅकेट घातलेल्यालाही ते सोडत नाही. चाकू होडीच्या काठाला सुतळीने बांधून ठेवतात, म्हणजे हातातून निसटला तरी तळाला जात नाही.