शेंबडातली साखर

जुलैत लोकलचा अख्खा डबा शिंकत असतो. सगळ्यांची सर्दी एकाच विषाणूची नसते, पण काहींच्या नाकात ओसी४३ असू शकतो. घाबरू नका: हा करोनाविषाणूच, पण साधी सर्दी देणारा, गुरांकडून माणसात आला असं मानलं जाणारा.

आपल्या पेशींवर शर्करांच्या साखळ्यांचं दाट रान असतं. पुष्कळ साखळ्यांच्या टोकाला सायलिक आम्ल नावाची शर्करा असते. तिच्या नवव्या कार्बनवर ॲसिटिल गट नावाचं चिमुकलं शेपूट जोडलेलं असेल, तरच ओसी४३ चं स्पाइक प्रथिन, म्हणजे विषाणूवरचा काटा, तिला धरतं. एवढं चोखंदळ असूनही पकड कमजोरच, कारण शर्करा बसते ती स्पाइकच्या पृष्ठभागावरच्या उथळ खाचेत. पण आरेच्या गवतातून चालल्यावर पँटला कुसळं चिकटतात, तसं आहे हे: एक सहज निघतं, शंभर निघता निघत नाहीत. विषाणूवर स्पाइक पुष्कळ असतात.

पण ज्या शर्करा पेशींवर, त्याच शेंबडातही. घट्ट चिकटणारा विषाणू शेंबडातच अडकायचा आणि नाक शिंकरलं की बाहेर जायचा. (शेंबडाला आपण उगाच नावं ठेवतो.) म्हणून ओसी४३ कडे एक एन्झाइमही असतं: हीमॅग्लुटिनिन-एस्टरेज. ते नेमकं ते ॲसिटिल शेपूट छाटतं आणि विषाणू सुटतो.

प्रयोगशाळेत हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. गुरांचा करोनाविषाणू हा ओसी४३ चा जवळचा नातेवाईक. प्लास्टिकच्या ताटलीतल्या बारक्या खळग्यांत तो उंदराच्या तांबड्या रक्तपेशींबरोबर थंडीत ठेवला, तर पेशी एकमेकींत अडकून खळगाभर पातळ लाल पडदा पसरतो. विषाणू नसलेल्या खळग्यात त्या तळाशी बसून लाल टिकली होते. आता ताटली ३७ अंशांवर ठेवायची. एन्झाइम कामाला लागतं, पकड सुटते.

गुरांच्या विषाणूत या एन्झाइमलाही शर्करा धरणारी स्वतंत्र खाच आहे. उट्रेख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की माणसात रुळताना ओसी४३ आणि सर्दीचाच दुसरा करोनाविषाणू एचकेयू१ या दोघांनीही तिचं काम गमावलं. धरणं आणि सोडणं यांचा तोल माणसाच्या नाकासाठी नव्याने साधावा लागला. मला तर सगळ्यात नवल याचंच वाटतं.

कोविडच्या विषाणूकडे हे एन्झाइम नाही. त्याचा मुख्य रिसेप्टर, म्हणजे पेशीत शिरताना तो जे धरतो ते, एसीई-२ हे प्रथिन. पण २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या संशोधकांना दिसलं, की पेशींवरची हेपरान सल्फेट ही शर्करांची ऋणभारित साखळी काढून टाकली तर संसर्ग बराच घटतो. स्पाइकवरचा धनभारित भाग आधी तिच्यावर टेकतो.

त्या वर्षी मुंबईत कोविड वॉर्डात राहून आलेल्या अनेकांना पोटात टोचलेली रक्त पातळ करणारी इंजेक्शनं आठवत असतील. त्यांतलं हेपरिन याच साखळीचं भावंड, डुकराच्या आतड्यांपासून काढलेलं. प्रयोगशाळेत ते स्पाइकला चिकटून त्याची वाट अडवतं. वॉर्डातली सुई मात्र रक्ताच्या गुठळ्यांसाठी होती. विषाणू शिरतो श्वासाच्या बाजूने. म्हणून हेपरिनचे बारीक तुषार थेट फुप्फुसांत देऊन पाहण्याच्या चाचण्या नंतर झाल्या.