लोहाराच्या डोणीतलं पाणी

सेंट पॅट्रिकच्या नावावर सांगितली जाणारी एक जुनी आयरिश प्रार्थना आहे. भाषेवरून ती आठव्या शतकाच्या आसपासची मानतात. तीत तिघांच्या मंत्रतंत्रापासून रक्षण मागितलंय: बायका, लोहार आणि द्रुइड पुरोहित. अशा यादीत बायका असायच्याच, पण लोहार?

ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या कथांत गोइबनिउ हा देवांचा लोहार. त्यानं घडवलेल्या भाल्याचा नेम चुकत नसे. महावीर कू खुलिन याचं नावही लोहाराच्याच दारातलं. कुलन लोहाराचा राखणीचा कुत्रा लहानपणी त्याच्या हातून मेला, तेव्हा दुसरा तयार होईपर्यंत राखण मी करतो, म्हणाला. नावाचा अर्थच ‘कुलनचा कुत्रा’.

हा दरारा खेड्यांतून टिकला. लाल नाल ज्यात चर्रकन विझवायचा, त्या डोणीतलं गढूळ पाणी लोक चामखिळीवर लावायला न्यायचे. पऱ्यांना लोखंडाची भीती, म्हणून पाळण्यावर चिमटा आडवा ठेवायचा. लोहारानं ऐरण उलटी फिरवून शाप दिला तर तो लागतोच, अशी समजूत होती. गुड फ्रायडेला मात्र तो खिळा ठोकत नसे. कारण सांगायला नको.

एरवी कामं रोजचीच: नाल, फाळ, पीट (दलदलीतली जळणाची माती) कापायचं ‘स्लेन’ हे फावडं. चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवायची तर गर्दी जमायची. तापलेली धाव सांडशांनी धरून दोघंतिघं लाकडी चाकावर बसवत, धूर निघे, लगेच पाणी ओतत. धाव आक्रसली की आरे करकरत घट्ट बसत. १७९८च्या उठावात याच भट्ट्यांवर भाल्यांची पाती घडली. साहजिकच इंग्रजी सत्तेच्या फौजांनी लोहारांनाच आधी धरलं. कबुलीसाठी फटके मारले, भट्ट्या जाळल्या.

१९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगानं सुमारे ५,००० शाळांतल्या मुलांना गावातल्या जुन्या गोष्टी लिहून काढायला लावल्या. विषयांत गावची लोहारशाळाही होती. वेळेत लिहून झालं म्हणायचं. १९४६ला फर्ग्युसनचा छोटा करडा ट्रॅक्टर आला, दहा वर्षांत असे पाच लाखांहून जास्त तयार झाले, आणि नाल मारायला घोडेच उरेनात. तो बनवणारा हॅरी फर्ग्युसन आयर्लंडचाच, काउंटी डाउनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा.