शेवटची ती मोकळी जागा आली कुठून?

एक्सेलमधल्या दोन याद्यांमध्ये ‘कमल’ हे नाव अगदी सारखं दिसतं, तरी एका यादीतलं नाव दुसरीत शोधणारं व्हीलुकअप फंक्शन ते सापडत नाही म्हणतं. अक्षरं मोजणारं लेन फंक्शन लावलं की एका यादीत ३ येतात, दुसरीत ४. सेलमध्ये शिरून कर्सर टोकाला नेला, तर तो ‘ल’ला चिकटत नाही, थोडा पलीकडे जाऊन थांबतो: नावामागे एक स्पेस, म्हणजे मोकळी जागा आहे.

याचं खापर सहसा टायपिंग करणाऱ्यावर फुटतं. इम्पोर्ट केलेल्या डेटात बऱ्याचदा तो अन्याय असतो, कारण ही जागा कधीकाळी मुद्दाम ठेवलेली होती.

१९२८ मध्ये आयबीएमने ८० रकान्यांचं पंचकार्ड, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवायचं कार्ड आणलं. त्यावर कुठली माहिती कुठे संपते हे फक्त जागेवरून ठरायचं. नावासाठी २० रकाने राखले आणि नाव ७ अक्षरांचं निघालं, तर उरलेले १३ कोरे सोडायचे, म्हणजे पुढची माहिती बरोबर २१व्या रकान्यात सुरू होई. ते १३ रकाने गाळले असते तर अख्खं कार्ड चुकीचं वाचलं गेलं असतं. कार्डं मागे पडली, पण हा शिरस्ता टिकला. १९६० च्या कोबोल या प्रोग्रामिंग भाषेत मजकुराची लांबी आधीच ठरवायची आणि उरलेली जागा स्पेसने भरायची. डेटाबेसमधल्या ठरावीक लांबीच्या रकान्यांतही तेच. शिवाय कित्येक डेटाबेस तुलना करताना टोकाच्या स्पेस मोजतच नाहीत, म्हणून तिथे कुणाला त्रास जाणवला नाही. तोच डेटा स्प्रेडशीटमध्ये उतरला, की तिथे प्रत्येक स्पेस मोजली जाते आणि जुळणी फसते.

या स्पेसवर ट्रिम हे फंक्शन पुरतं: ते दोन्ही टोकं साफ करतं आणि शब्दांमध्ये एकच स्पेस ठेवतं. पण एक्सेलचं ट्रिम फक्त कोड ३२ ची, म्हणजे आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जुन्या यादीतली साधी स्पेस ओळखतं. १९८७ च्या आयएसओ ८८५९-१ या तशाच, पण मोठ्या यादीत कोड १६० वर आणखी एक स्पेस आली, ओळ तुटू न देणारी. ब्राउझर सलग स्पेस एकत्र करून टाकतात, म्हणून वेबपानं बनवणाऱ्यांनी अंतर राखायला ती सर्रास वापरली. कॉपी-पेस्टमधून ती शीटमध्ये येते आणि ट्रिमला दाद देत नाही. क्लीन या फंक्शनचाही उपयोग नाही, ते फक्त ० ते ३१ हे कोड काढतं. सबस्टिट्यूट फंक्शनने आधी १६० च्या जागी साधी स्पेस घालावी, मग ट्रिम लावावं. १६० नुसती पुसली, तर मधले शब्द एकमेकांना चिकटतात.

सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोडच्या यादीत तर न दिसणारी चिन्हंही आहेत, उदाहरणार्थ ८२०३ ही शून्य रुंदीची स्पेस. ती खुशाल काढावी. मात्र ८२०५ हा शून्य रुंदीचा जोडक मराठी मजकुरातून सरसकट उडवू नये. र, हलन्त आणि हा जोडक अशा क्रमाने टाइप केलेल्या ‘दर्‍या’तून तो गेला, की डोंगरातल्या दरीचं अनेकवचन जाऊन ‘दर्या’ उरतो.