राकू घराणे, क्योटो

राकू घराणे : जपानमधील क्योटो शहरात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चहाचे वाडगे घडवणारे कुंभार घराणे. ‘राकू’ हे घराण्याचे आडनाव आहे, त्याच्या भांड्यांचे नाव आहे आणि वाडग्याच्या बुडावर उमटवला जाणारा शिक्काही. या अक्षराचा अर्थ सुख, स्वस्थता. घराण्याचा पहिला कुंभार चोजिरो (मृत्यू १५८९). सध्याचे प्रमुख सोळावे राकू किचिझाएमोन (जन्म १९८१) असून त्यांनी २०१९ मध्ये वडिलांकडून सूत्रे घेतली. प्रमुखपदी असेपर्यंत प्रत्येक जण ‘किचिझाएमोन’ हे नाव लावतो. निवृत्त झाल्यावर तो ‘न्यू’ने संपणारे नवे नाव घेतो. त्यामुळे जुने प्रमुख दोन्यू, इचिन्यू, सोन्यू, र्‍योन्यू अशा नावांनी ओळखले जातात.

आपल्याकडे कुंभार म्हटला की चाक आलेच. राकू वाडगा मात्र चाकावर चढत नाही. तो हाताने चेपून उभा केला जातो, पात्याने कोरला जातो, आणि काळा असेल तर एकेकटा भाजून लालबुंद असतानाच भट्टीबाहेर ओढला जातो. या तीन गोष्टी साडेचारशे वर्षे बदललेल्या नाहीत. वाडग्याचे रूप मात्र जवळजवळ प्रत्येक पिढीत बदलले आहे. घराणे समजून घ्यायचे तर हा विरोधाभास आधी लक्षात घ्यावा लागतो.

उगम : चोजिरोचे वडील आमेया हे चीनहून आलेले कारागीर होते, आणि हिरव्या-पिवळ्या झिलईची (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाची) चिनी विद्या त्यांच्याबरोबर क्योटोत आली. चोजिरोची तारीख असलेली सर्वांत जुनी कृती म्हणजे १५७४ सालचा, छपरावर बसवण्याच्या कौलाच्या जातीचा मातीचा सिंह. अशा कारागिराकडून जपानी चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याने चहाचे वाडगे करून घेतले. तोवर चहाच्या बैठकीत चिनी आणि कोरियन वाडग्यांना मान होता. रिक्यूला चित्र, नक्षी, चमक काहीच नको होते. हातात नीट बसणारे आणि स्वतःकडे लक्ष न ओढणारे भांडे त्याला हवे होते. १५८६ मध्ये नारा येथील एका चहाच्या नोंदवहीत ‘सोएकीच्या घाटाचा वाडगा’ असा उल्लेख येतो. सोएकी हे रिक्यूचेच नाव, आणि हा उल्लेख चोजिरोच्या वाडग्याचा मानतात. सुरुवातीला या भांड्यांना नुसते ‘आत्ताची भांडी’ म्हणत. पुढे जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या जुराकुदाई या वाड्यावरून ‘जुराकू’ आणि त्यावरून ‘राकू’ हे नाव रूढ झाले, असे मानले जाते.

वंश सरळ रक्ताने चाललेला नाही. चोजिरोच्या कामात तानाका सोकेई आणि त्याची मुले सहभागी होती. सोकेईचा मुलगा जोकेई (मृत्यू १६३५) दुसरा प्रमुख मानला जातो आणि पुढचा वंश त्याचा. त्यानंतरही गरज पडली तेव्हा दत्तक घेतले गेले. पाचवा सोन्यू (१६६४–१७१६) हा दत्तक होता आणि चित्रकार ओगाता कोरिन व कुंभार ओगाता केन्झान यांच्या नात्यातला होता.

माती आणि घडण : माती भरड, सच्छिद्र आणि वाळूमिश्रित लागते. बारीक, चिकट मातीचा वाडगा दिसायला देखणा होईल, पण हजार अंशांपुढच्या भट्टीतून थंड हवेत आला की तडकेल. भरड मातीतल्या पोकळ्या सुरू झालेली चीर पुढे सरकू देत नाहीत. माती वर्षानुवर्षे ओलसर ठेवून मुरवली जाते. एका पिढीने शोधून साठवलेली माती पुढच्या पिढ्यांनी वापरायची, ही घराण्याची रीत आहे. पंधरावे प्रमुख जिकिन्यू यांनी पणजोबांच्या काळातली माती वापरली. जो माती साठवतो त्याला तिचा वाडगा बहुधा पाहायला मिळत नाही.

मळलेला गोळा फळीवर थापून जाड भाकरीसारखी चकती करतात. मग दोन्ही तळव्यांनी कडा थोडी थोडी उचलत, आतल्या बाजूला झुकवत भिंत उभी करतात. घाई केली की कडेला भेगा पडतात आणि भिंत बाहेर फाकते. फाकलेली भिंत नुसती दाबून पुन्हा आत वळत नाही. या टप्प्यावर वाडगा मुद्दाम जाड ठेवला जातो. तो अर्धवट सुकला, म्हणजे बोटाचा ठसा उमटत नाही पण नख रुतते, की खरे काम सुरू होते. लोखंडी आणि बांबूच्या पात्यांनी तो आतून-बाहेरून कोरला जातो. बुडाची गोल बैठकही लावलेली नसते, त्याच गोळ्यातून कोरून काढलेली असते. आत तळाशी एक उथळ खळगा ठेवतात. चहा पिऊन झाल्यावर शेवटचे थेंब तिथे जमतात. काठ मुद्दाम सरळ ठेवत नाहीत. त्यावर हलके उंचवटे असतात आणि त्यांना पाच शिखरांची उपमा देतात. भिंत सगळीकडे सारखी पातळ केली तर गरम चहाने हात भाजतो. जाड ठेवली तर वाडगा विटेसारखा जड होतो. कुठे किती माती ठेवायची याचे माप नसते. ते हातालाच कळावे लागते, आणि दोन वाडग्यांतला फरक बहुतेक इथेच पडतो.

चोजिरोचे वाडगे साधारण ८ सेंमी उंच आणि ११ सेंमी व्यासाचे आहेत, म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीत मावणारे.

काळा राकू : काळ्या झिलईचा मुख्य घटक म्हणजे क्योटोतल्या कामो नदीचा दगड. त्यात लोह आणि मँगनीज असते. दगड कुटून, दळून, वितळायला मदत करणाऱ्या काचेच्या पुडीबरोबर पाण्यात कालवतात. एकदा भाजलेल्या वाडग्यावर ही झिलई ब्रशने चढवतात. एक हात सुकला की दुसरा, असे दहाच्या आसपास थर देतात. खालचा थर ओला असताना वरचा दिला तर झिलईला पापुद्रे सुटतात आणि भट्टीत ती तेवढ्या जागी आकसून माती उघडी पडते.

भट्टी लहान, घराच्या आतच बांधलेली असते. मध्ये एक वाडगा मावेल असे मातीचे आवरण, भोवती कोळसा आणि बाजूला भाता. सगळी मदार भात्यावर असते. काळ्या राकूची भाजणी वर्षातून मोजक्याच वेळा होते. ती रात्रभर चालते आणि भाता ओढायला, कोळसा घालायला माणसे आळीपाळीने उभी असतात. वाडगा आधी भट्टीच्या काठावर तापवून घेतात, कारण ओल राहिलेला वाडगा आगीत गेला की फुटतो. मग सांडशीने तो आत ठेवतात. तापमान पार १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. चोजिरोच्या काळात ते याहून कमी होते.

आत वाडगा पांढुरक्या तेजाने पेटल्यासारखा दिसतो. झिलई आधी फेसाळते, मग फेस बसतो आणि पृष्ठभाग ओल्या काचेसारखा लखलखतो. हीच बाहेर काढण्याची वेळ. फेस बसण्याआधी काढला तर झिलई खरबरीत आणि छिद्रांची राहते. उशीर झाला तर ती ओघळून बुडाशी साचते. लांब सांडशी भिंतीला लावून वाडगा झटकन उचलतात आणि उघड्या हवेत ठेवतात. लाल तेज उतरते आणि पाहता पाहता काळा रंग येतो. सांडशीने जिथे पकडले तिथे झिलईवर लहानसा ओरखडा राहतो. तो दोष समजत नाहीत. जाणकार काळा राकू हातात घेतल्यावर ती खूण शोधतात.

काळेपणा येतो तो या झटपट थंड होण्यामुळे. वितळलेल्या झिलईतले लोह स्फटिक होण्याआधीच गोठते. तोच वाडगा भट्टीत सावकाश निवू दिला तर स्फटिकांना वेळ मिळतो आणि रंग तपकिरीकडे झुकतो. तापलेले भांडे ओढून काळे करण्याची ही युक्ती मिनो भागातल्या ‘काळ्या सेतो’ वाडग्यांतही आहे. ते मात्र मोठ्या लाकडाच्या भट्टीतून काढलेले असतात.

तांबडा राकू : लोह असलेल्या पिवळ्या मातीचा हात देऊन वाडगा भाजला की तांबूस होतो. त्यावर पारदर्शक झिलई चढवून तो काळ्यापेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला, पूर्वी साधारण ८०० अंशांना, भाजतात. जुन्या तांबड्या राकूच्या झिलईत शिसे असे. कोळशाचा धूर लागला तिथे करडे-काळे ढग उमटतात. अंग मऊ असल्याने हे वाडगे लवकर टवके धरतात.

वारसा : या घराण्यात विद्या एकाच वारसाला मिळते, पण ती शिकवली जात नाही. झिलईचे प्रमाण वडील मुलाला सांगत नाहीत. प्रत्येक नव्या किचिझाएमोनला आपली काळी झिलई स्वतः चाचण्या करून शोधावी लागते. हातात येते ती माती, भट्टी, भाता, घर आणि आधीच्या प्रमुखांचे घरात ठेवलेले वाडगे. मुलाने ते हाताळायचे आणि त्यांतून जे उमगेल ते घ्यायचे. शिक्कासुद्धा प्रत्येकाचा वेगळा असतो. अक्षर तेच राहते, पण त्याची धाटणी बदलते, आणि त्यावरून वाडगा कोणत्या पिढीचा हे ओळखता येते.

या रीतीला कोणी गूढ म्हणतात. प्रत्यक्षात तिचा हिशेब सरळ आहे. प्रमाण हाती आले असते तर मुलाने वडिलांचाच वाडगा पुन्हा केला असता. चोजिरोची झिलई मंद, शोषून घेतल्यासारखी आहे. तिसरा दोन्यू (१५९९–१६५६) याने भिंती पातळ केल्या आणि चकचकीत झिलई पडद्यासारखी काठावरून खाली सोडली. चौथा इचिन्यू (१६४०–१६९६) याने काळ्यात लाल ठिपके फुलवले. पाचवा सोन्यू पुन्हा चोजिरोच्या कोरड्या काळ्याकडे वळला. नववा र्‍योन्यू (१७५६–१८३४) याच्या वाडग्यांवर पात्याचे कोरीव फटके ठळक दिसतात. त्याच्याच काळात, १७८८ च्या क्योटोच्या मोठ्या आगीत घराण्याचे फार नुकसान झाले.

विसाव्या शतकात हा धागा तुटायला आला होता. तेरावे सेइन्यू १९४४ मध्ये वारले तेव्हा वारस युद्धावर होता. चौदावे काकुन्यू (१९१८–१९८०) युद्धानंतर परतले ते वडील नसलेल्या घरात. विचारायला कोणी नव्हते. पण या घराण्यात तसेही विचारायचे नसते, त्यामुळे वाडगे, माती आणि भट्टी एवढ्यावर त्यांना पुन्हा उभे राहता आले. त्यांनीच १९७८ मध्ये घराला लागून राकू संग्रहालय स्थापन केले. पिढ्यान्‌पिढ्या घरात शिकण्यासाठी ठेवलेले वाडगे आता तिथे लोकांनाही पाहता येतात.

काकुन्यू आणि त्यांचे पुत्र जिकिन्यू (जन्म १९४९) या दोघांनी टोक्योत शिल्पकलेचे शिक्षण घेतले. जिकिन्यू पुढे रोमलाही शिकले आणि १९८१ मध्ये पंधरावे प्रमुख झाले. त्यांचा वाडगा सरळ कोळशात भाजलेला, धारदार कोरलेला, कड्याच्या दगडासारखा दिसतो. चोजिरोच्या वाडग्याशेजारी ठेवला तर हे एकाच घरचे आहेत यावर चटकन विश्वास बसत नाही. चहा पिताना काठ ओठाला लागला की मात्र बसतो.

घराबाहेर : रिक्यूच्या वंशातल्या सेन परिवाराच्या चहापंथांसाठी वस्तू करणारी दहा कारागीर घराणी क्योटोत आहेत. वाडग्यांचा मान राकूकडे आहे. घराण्याची विद्या काही जणांना मोकळेपणी मिळाली. तलवारींचा पारखी आणि सुलेखनकार होनआमि कोएत्सु (१५५८–१६३७) वाडगे घडवी ते राकूंच्या मातीतून, आणि भाजणीही त्यांच्याकडेच होई. चार वाडग्यांपुरती पांढरी आणि तांबडी माती घेऊन लगेच या, अशी त्याची चिठ्ठी उपलब्ध आहे. त्याचा ‘फुजिसान’ हा वाडगा जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे. इचिन्यूकडे शिकलेल्या कुंभाराने १६६६ मध्ये कानाझावा येथे ओही घराणे सुरू केले. गुळाच्या काकवीसारखी तपकिरी झिलई ही त्यांची ओळख, आणि तेही घराणे आजवर चालू आहे.

पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत ‘राकू’ म्हणून जे शिकवले जाते ते वेगळे आहे. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच याला १९११ मध्ये टोक्योतल्या एका मेळाव्यात स्वतः रंगवलेले भांडे राकू पद्धतीने तासाभरात भाजून मिळाले आणि त्यातून तो या कामात आला. पुढे १९६० च्या सुमारास अमेरिकेत पॉल सोल्डनर याने तापलेले भांडे भुसा-पानांत दडपून धुरवण्याची पद्धत रुजवली. झिलईतले काळे तडे आणि तांब्याची धातूसारखी चमक ही त्या पद्धतीची देणगी आहे. क्योटोच्या राकूत भुशाचा धूर नसतो. अशी धुरवलेली भांडी शोभेलाच ठेवावीत, कारण त्यांची झिलई सच्छिद्र आणि तडकलेली असते आणि त्यात खाणेपिणे योग्य नाही.

वापर आणि निगा : सच्छिद्र अंगामुळे वाडग्यात उष्णता हळू सरकते. चहा गरम राहतो आणि हात सुखावतो. चहाची हिरवी पूड बांबूच्या रवीने घुसळली की काळ्या तळावर तिचा रंग उठून दिसतो. वापरण्याआधी वाडगा काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा, म्हणजे पोकळ्या पाण्याने भरतात आणि चहाचे डाग खोल जात नाहीत. कोरड्या वाडग्यात एकदम उकळते पाणी ओतू नये. साबण वापरू नये, त्याचा वास अंगात मुरतो. धुतल्यावर पालथा न घालता सावलीत काही दिवस वाळू द्यावा. वरून कोरडा दिसला तरी बुडात ओल असते, आणि तसाच लाकडी पेटीत बंद केला तर बुरशी धरते व कुबट वास लागतो. पेटी जपून ठेवावी. तिच्या झाकणावर वाडग्याचे नाव आणि घडवणाऱ्याची सही असते. जुन्या वाडग्यांच्या पेटीवर तर नंतरच्या प्रमुखाने खरेपणाची ग्वाही लिहिलेली असते.