बेट्टाला आडोसा हवा, पण पृष्ठभागाजवळ

बेट्टा या शोभेच्या माशासाठी दुकानात गुहा, किल्ले, बुडालेली जहाजे मिळतात. ती बहुतेक सगळी तळाशी ठेवायची. बेट्टा मात्र वरच्या थरात वावरणारा, थायलंडमधल्या उथळ, गवताळ पाण्यातला मासा. कल्ल्यांच्या वर असलेल्या लॅबिरिंथ नावाच्या घडीदार अवयवाने तो थेट हवेतला प्राणवायू घेतो आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा वर येतो. वर यायची वाट अडली, तर पाण्यात असूनही गुदमरतो. म्हणून आडोसा कितीही देखणा असला, तरी आधी बघायचे ते एवढेच, की आत शिरलेला मासा न अडकता बाहेर पडून वर येईल का.

आडोसा मुळात लागतो कशाला? नराला काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसते आणि तो प्रतिस्पर्धी समजून कल्ल्यांची झाकणे फुलवतो. खोलीत अंधार आणि टाकीत दिवा असला, की काच आरसाच होते. दिवसभर असे फुलत राहणारा मासा थकतो, खात नाही. मागच्या काचेला बाहेरून गडद कागद चिकटवा आणि खोलीतला दिवा मालवण्याआधी टाकीतला मालवा. निम्मे काम तिथेच होते.

गोव्यात सगळ्यात सोपा आडोसा म्हणजे नारळाची करवंटी. खोबऱ्याचा कण न ठेवता खरवडा, बाहेरची शेंडी तासा. पाणी बदलून दोन-तीनदा पंधरा-पंधरा मिनिटे उकळा. खोबरे राहिले तर पृष्ठभागावर तेलाचा तवंग धरतो आणि मासा श्वास घेतो नेमका तिथेच. पाच सेंटिमीटरचे दार कापा, समोर तेवढेच दुसरे. कडा पॉलिश पेपरने घासा. मग जुना नायलॉनचा मोजा त्यावरून फिरवा. तो जिथे अडकेल तिथे शेपटीही फाटेल.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली बिनरंगाची मातीची कुंडीही आडवी ठेवली की चालते, फक्त तळाचे भोक बुजवा. धोका या भोकाचाच आहे. डोके आत जाते, कल्ल्यांची झाकणे पलीकडे उघडतात आणि माशाला मागे सरता येत नाही. बुरशीनाशक नसलेला शुद्ध सिलिकॉन भरून पूर्ण वाळू द्या, नाहीतर ती कुंडी वापरूच नका. चिऱ्याचा तुकडा नको, तो खरखरीत असतो. किनाऱ्यावरचे शिंपलेही नकोत, त्यातला चुना हळूहळू विरघळून पाणी जड करतो. दगडाबद्दल शंका असेल तर त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर दगड बाहेर.

देशी बदामाची गळालेली, तपकिरी, कोरडी पाने मात्र जरूर वापरा. रस्त्यापासून दूरची, फवारणी न झालेली घ्या. धुऊन गरम पाण्यात भिजवा. वीस लिटरला एक मध्यम पान पुरे. ते दोन-तीन दिवस तरंगते, त्याखाली नर फेसाचे घरटेही बांधतो, मग बुडते. पाणी कोऱ्या चहासारखे दिसू लागले तर घाबरू नका, तो पानातून उतरणाऱ्या टॅनिन या द्रव्याचा रंग. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढा, तो टॅनिन शोषून घेतो. तीन-चार आठवड्यांत पानाची जाळी उरली की नवे टाका.

झोपायला रुंद पान लागते. अनुबियास ही पाणवनस्पती दोऱ्याने बांधून पृष्ठभागाखाली चार-पाच सेंटिमीटरवर टांगा. त्याचा आडवा जाड देठ वाळूत पुरू नका, कुजतो. साल्व्हिनियासारख्या तरंगत्या वनस्पतींनी निम्मा पृष्ठभाग झाकला की बस्स. उरलेला श्वासासाठी आणि खाण्यासाठी मोकळा ठेवा. टाकीवर झाकण हवेच, कारण बेट्टा उडी मारतो. झाकण आणि पाणी यांत तीन-चार सेंटिमीटर अंतर ठेवा.

एवढे करूनही मासा दिवसभर लपूनच बसला, तर आडोशाला दोष देण्याआधी थर्मामीटर पाहा. त्याला २४ ते २८ अंश लागतात, एसीच्या खोलीत पारा सहज खाली जातो. मग पाण्यातला अमोनिया, म्हणजे घाण कुजून तयार होणारे विष, तपासा. करवंटीखाली अडकलेले खाण्याचे दाणे तिथेच कुजतात, म्हणून पाणी बदलताना ती उचलून खालची घाण नळीने ओढून घ्या. वाढलेली साल्व्हिनिया तळ्यात टाकू नका, तिथे ती झपाट्याने पसरते. उन्हात वाळवून माडाच्या आळ्यात घाला.