पार्श्वभूमी : टनामागे चारशे रुपये

२००९ च्या अखेरीस, कोपनहेगनच्या हवामान परिषदेच्या तोंडावर, भारताने शब्द दिला : जीडीपीच्या दर रुपयामागचे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २०२० पर्यंत २० ते २५ टक्क्यांनी घटवू. एकूण उत्सर्जन नव्हे, बरं का. वीज कोळशावर चालणाऱ्या देशाला ते परवडणारे नव्हतेच.

पुढच्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी कोळशावर उपकर आणला. १ जुलै २०१० पासून टनामागे ५० रुपये, देशी असो की आयात केलेला. धुराच्या पैशातून सौर-पवन ऊर्जा उभी करायची, असा बेत. त्यासाठी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीही काढला. अरुण जेटलींच्या काळात दर दरवर्षी दुप्पट होत गेला : २०१४ मध्ये १००, मग २००, आणि २०१६ मध्ये ४००.

वीजबिलात हा आकडा वेगळा दिसत नसे. पण औष्णिक केंद्रात एका युनिटला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे चारशेच्या दराने युनिटमागे पंचवीसेक पैसे पडत. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा तरी राखच असते. तेव्हा युनिटमागे वाटी-दोन वाटी राखही आली. पैसे दिल्लीला गेले, राख चंद्रपुरात राहिली. त्याच चंद्रपूरचे नाव २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांच्या यादीत होते.

२०१७-१८ पर्यंत या उपकरातून सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले. त्यातले जेमतेम एक तृतीयांश निधीकडे वळले, आणि खर्च त्याहूनही कमी झाला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तेच चारशे रुपये, जीएसटीमुळे राज्यांचा जो महसूल बुडेल त्याच्या नुकसानभरपाईचा उपकर झाले. दर तोच, नाव बदलले, सौरऊर्जेचा संबंध संपला.

२०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत कोळसा ‘संपवण्या’ऐवजी ‘कमी करत नेण्या’चा शब्द भारताने ऐनवेळी मसुद्यात घालून घेतला, नेट झीरोसाठी (म्हणजे जेवढे उत्सर्जन तेवढेच शोषण, निव्वळ शून्य) २०७० साल सांगितले. २०२४-२५ मध्ये देशातले कोळसा उत्पादन शंभर कोटी टनांवर गेले. २०२५ च्या मध्यात स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) झाला, ठरल्यापेक्षा पाच वर्षे आधी. क्षमतेतला, हं, प्रत्यक्ष विजेत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या घरात.

२२ सप्टेंबर २०२५ ला उपकर उठला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. ऐकायला वाढ वाटते. पण हजार रुपये टनाच्या हलक्या कोळशावर आधी ५० अधिक ४०० असे ४५० रुपये पडत, आता १८०.