जुन्या चिलखती गाडीत नवं इंजिन : आफ्रिकेतली ऑर्डर घेण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

आफ्रिकेतल्या सैन्यांच्या जुन्या चिलखती गाड्या, रणगाडे आणि लष्करी ट्रक नव्याने उभे करण्याचं काम जी वर्कशॉप आणि निर्यातदार घेतात, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. आम्ही कूलिंग, एअर इनटेक, होज, सील आणि वायरिंग हार्नेस एवढंच बनवतो. तोफ, दारूगोळा आणि चिलखताचं काम आमच्याकडे होत नाही.

चौकशीत पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो : या गाडीत किती हॉर्सपॉवरचं इंजिन बसेल? बसवायला पुष्कळ बसतं. ते इंजिन ४५ अंशाच्या उन्हात, वाळूत, पहिल्या गिअरमध्ये तासभर चालेल का, हा खरा प्रश्न आहे.

एक इंजिन बदललं की काय काय बदलतं

इजिप्तचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. तिथल्या टी-५४ रणगाड्यांचं मूळ इंजिन ५२० हॉर्सपॉवरचं. १९८४ मध्ये अमेरिकन कंपनीशी करार होऊन त्यात ९०८ हॉर्सपॉवरचं, हवेने थंड होणारं एव्हीडीएस-१७९० डिझेल बसवायचं ठरलं, सोबत १०५ मिमीची तोफ. यातूनच ‘रामसेस-२’ तयार झाला. पण ते इंजिन जुन्या जागेत मावेना. हल, म्हणजे रणगाड्याचं धड, मागच्या बाजूने लांब करावा लागला, नवा गिअरबॉक्स आला, सस्पेन्शन बदललं, वजन वाढलं.

दक्षिण आफ्रिकेने सेंच्युरियन रणगाड्याचं पेट्रोल इंजिन काढून त्याच घराण्यातलं डिझेल बसवलं आणि ‘ऑलिफंट’ उभा केला. केनियाचे व्हिकर्स एमके-३ आपल्याला जवळचे, कारण चेन्नईजवळच्या आवडी इथे बनलेली आपली ‘विजयंता’ त्याच कुटुंबातल्या एमके-१ वरून आलेली. एमके-१ मध्ये लेलँडचं एल-६० होतं, एमके-३ मध्ये ७२० हॉर्सपॉवरचं डेट्रॉइट डिझेल आलं. गाडी वरून जुनीच दिसली तरी इंजिनाभोवतीचं सगळं नव्याने मांडावं लागतं, आणि कोटेशनमध्ये नेमकं तेवढंच धरायचं राहून जातं.

उष्णता

डिझेल इंजिन जेवढी ताकद शाफ्टवर देतं, त्याच्या साधारण साठ-सत्तर टक्के उष्णता पाण्यात टाकतं. ३०० हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे २२४ किलोवॅट. म्हणजे रेडिएटरला १३५ ते १५५ किलोवॅट ओढून न्यायचे आहेत. गिअरबॉक्सच्या तेलाची आणि टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या चार्ज-एअर कूलरची उष्णता वेगळी. मूळ रेडिएटर १७० हॉर्सपॉवरच्या इंजिनासाठी असेल तर त्याचा गाळा (नळ्या-पात्यांचा मधला भाग) जाड करून भागत नाही. जाड गाळ्यातून हवा कमी जाते आणि फॅन नुसता गरगरतो.

रेडिएटर पुरेसा असूनही गाडी तापते, याचं नेहमीचं कारण म्हणजे गरम हवा परत आत येणं. रेडिएटर आणि हल यांच्यामध्ये बोटभर फट राहिली तर बाहेर टाकलेली गरम हवा फॅन त्या फटीतून पुन्हा ओढतो. तिथे स्पंजची पट्टी चिकटवू नका. तेल लागलं की ती लोळागोळा होते. रबराची प्रोफाइल पट्टी स्क्रूने बसवा. आणि जाळीवर कोणी जेरीकॅन किंवा वाळूच्या पिशव्या बांधणार नाहीत, असं मॅन्युअलमध्ये चित्रासकट लिहा. सैनिक बांधतातच.

चाचणी अशी घ्या : गाडीला मागून भार लावून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर चालवा, तापमान स्थिर होईपर्यंत, बहुतेकदा त्याला पाऊण तास लागतो. वारा मागून येत असेल तर उत्तम, कारण तीच सगळ्यात वाईट स्थिती. मग रेडिएटरच्या वरच्या टाकीचं तापमान आणि बाहेरचं तापमान यांतला फरक काढा. तो जवळपास कायम राहतो. पुण्यात ३५ अंशाला टाकी ९२ दाखवत असेल तर फरक ५७ चा. ५० अंशाच्या वाळवंटात तीच टाकी १०७ दाखवेल. इंजिन बनवणाऱ्याची मर्यादा १०५ असेल तर ती गाडी तिकडे चालणार नाही. हे इथेच कळतं, चाडच्या एंजामेनाला जाऊन कळायला नको.

उंचीचंही गणित आहे. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटरवर आहे. तिथे उघडं पाणी ९२ अंशाला उकळतं. रेडिएटरला अर्ध्या बारची (बार म्हणजे दाबाचं एकक) प्रेशर कॅप लावली तर उकळबिंदू १०६ च्या आसपास जातो, एक बारची लावली तर ११६ च्या. म्हणून इथिओपियाच्या कामात कॅप एक बारचीच धरा, आणि होज व क्लॅम्प त्या दाबाचे घ्या. जुन्या कापडी होजवर एक बारची कॅप चढवली की पहिल्याच घाटात होज फाटतो. हवा विरळ असल्यामुळे फॅनमधून जाणाऱ्या हवेचं वजनही पाव हिश्शाने घटतं. बाहेर गारवा आहे म्हणून रेडिएटर लहान करू नका.

धूळ

३०० हॉर्सपॉवरचं टर्बो डिझेल पूर्ण भारावर तासाला साधारण १,००० घनमीटर हवा घेतं. ताफ्यात मागे चालणाऱ्या गाडीला समोरचं काही दिसेनासं होतं, अशा धुळीत घनमीटरमागे सुमारे ०.९ ग्रॅम धूळ धरतात. म्हणजे तासाला ९०० ग्रॅम. प्री-क्लीनर (फिल्टरआधीच धूळ वेगळी करणारा भाग) नसेल तर जवळपास एक किलो माती दर तासाला कागदी फिल्टरवर येणार. चांगला सायक्लोन प्री-क्लीनर त्यातली ९० टक्के बाहेर फेकतो, पण धूळ ओढून टाकणारा त्याचा ब्लोअर चालू असेल तरच. ब्लोअरचा फ्यूज उडाला तर ड्रायव्हरला काही कळत नाही. म्हणून त्या सर्किटवर आम्ही डॅशबोर्डला दिवा देतो, आणि तो दिवा वगळून हार्नेस विकत नाही.

फिल्टर कधी बदलायचा हे किलोमीटरवर ठरवू नका. फिल्टरनंतरच्या पाइपात रिस्ट्रिक्शन इंडिकेटर (फिल्टर किती चोंदला ते दाखवणारा) बसवा; बहुतेक टर्बो इंजिनांना ६३५ मिमी, म्हणजे २५ इंच पाण्याइतकी ओढ ही शेवटची रेघ. कागदी फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने झटकायचा नाही. त्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि बारीक वाळू थेट सिलिंडरच्या लायनरवर जाते.

तपासायची एक साधी पद्धत : फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला रबरी बेंड काढा, आतून बोट फिरवा. क्लॅम्पखाली, जिथे होज पाइपवर बसतो तिथे, पिठासारख्या धुळीची बारीक रेघ दिसली तर हवा फिल्टरला वळसा घालून आत येते आहे. असं इंजिन काहीशे तासांत तेल जाळायला लागतं. ऑइल सॅम्पलमध्ये सिलिकॉन आणि लोखंड एकदम वाढलेलं दिसतं, ते याचंच. तिथे वर्म-ड्राइव्ह क्लिप वापरू नका. स्प्रिंगचा टी-बोल्ट क्लॅम्प लावा, कारण रबर तापून दबतं आणि साधी क्लिप ढिली पडते.

डिझेल

पूर्व आफ्रिकेत कमी गंधकाचं डिझेल मिळतं, पण सीमेवरच्या छावणीत ड्रममधून येणाऱ्या डिझेलची खात्री देता येत नाही. नव्या उत्सर्जन नियमांचं, कॉमन-रेल (उच्च दाबाची इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी) आणि डीपीएफवालं (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेलं) इंजिन अशा डिझेलवर टिकत नाही. मेकॅनिकल पंपाचं इंजिन निवडा, वॉटर सेपरेटर दोन लावा, आणि त्यांचा नळ जमिनीवर उभं राहून हात पोचेल अशा जागी ठेवा. हात पोचत नसेल तर पाणी कोणी काढत नाही.

वीज

नवा रेडिओ, थर्मल साइट, रिमोट कंट्रोलचा माउंट, एसी : प्रत्येक गोष्ट २४ व्होल्टवरच येते. आधी बेरीज करा. इंजिन आयडलला असताना अल्टरनेटर किती अँपिअर देतो, ते बघा. पाटीवरचा आकडा उंच आरपीएमचा असतो. छावणीत गाडी आयडलला उभी असते आणि सगळी उपकरणं चालू असतात.

वायर जाड घ्या. ६ मीटरवरच्या टरेटला (तोफेच्या फिरत्या मनोऱ्याला) ६० अँपिअर द्यायचे, जाऊन-येऊन १२ मीटर तांबं : १० चौरस मिमी वायरीत सव्वा व्होल्ट वाटेतच जातो, तापलेल्या हलमध्ये दीड. साइटचा पडदा लुकलुकतो आणि दोष साइटला लागतो. १६ किंवा २५ ची घ्या. अर्थिंग रंगावर देऊ नका. बोल्टखालचा रंग खरवडून, टिन केलेला लग लावून, वरून पुन्हा रंगवा. टरेटमध्ये जाणारी प्रत्येक लाइन स्लिप-रिंगमधून (फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या जोडातून) जाते, तिथे मोकळ्या रिंगा किती आहेत हे आधी मोजा. रिंग शिल्लक नसेल तर नवं उपकरण टरेटात जाणारच नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा

तुम्हाला दाखवतात ती ताफ्यातली सगळ्यात बरी गाडी असते. आणखी दोन, तुम्ही निवडलेल्या, उघडून बघा. टी-५५ म्हणून उभ्या असलेल्या रांगेत सोव्हिएत, चेक, पोलिश आणि चिनी टाइप-५९ शेजारी शेजारी असू शकतात. लांबून एकसारख्या दिसतात. होजचा व्यास, फिल्टरचं माप, पाइपाचे आटे एकसारखे असतील असं धरून चालू नका. प्रत्येक गाडीचा चेसिस नंबर आणि होजच्या दोन्ही टोकांचं माप वेगळं लिहा.

स्टोअरमधली जुनी सील स्वस्तात मिळतात. पाकिटावर रबर तयार झाल्याची तिमाही आणि साल छापलेलं असतं, ते वाचा. छापलेलं नसेल तर ते सील वापरू नका. दहा वर्षं उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये पडलेली ओ-रिंग बोटावर ताणली की बारीक चिरा दिसतात, आणि ती ब्रेकच्या सिलिंडरमध्ये जाणार असते.

दहा गाड्यांच्या ताफ्याला दोन वर्षांसाठी आम्ही असा साठा सुचवतो : होजचे १३ संच, बाहेरचे एअर फिल्टर १२०, आतले २०, फॅनबेल्टचे ४० संच, प्रेशर कॅप १०, थर्मोस्टॅट १०, वॉटर पंपाचे सील-किट ५, पूर्ण रेडिएटर २. ग्राहक पैसे वाचवायला रेडिएटर आधी खोडतो. ते खोडू देऊ नका. सामानाची बोट मोंबासाला पोचून पुढे युगांडापर्यंत जाईस्तोवर गाडी उभी राहते. मॅन्युअल तिथल्या कामाच्या भाषेत हवं : चाडला फ्रेंच, मोझांबिक-अंगोलाला पोर्तुगीज.

कागदपत्रं

लष्करी गाडीसाठी खास बनवलेला साधा होजसुद्धा निर्यात-नियंत्रणाच्या ‘स्कोमेट’ यादीत, सहाव्या वर्गात येऊ शकतो. त्याची परवानगी संरक्षण उत्पादन विभाग देतो आणि त्यासाठी अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र लागतं. लिबिया, दक्षिण सुदान, सुदानचा दार्फुर भाग यांवर संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी आहे. हे ठराव बदलत असतात, म्हणून ऑर्डरच्या तारखेला ताजे तपासा. दलाल म्हणाला ‘ट्रकचे पार्ट लिहा’, तर ते काम सोडा. परवानगीचा क्रमांक आल्याशिवाय आम्ही माल पॅक करत नाही.

महाराष्ट्रातून आफ्रिकेकडे जाणारी ही वाट आता रुंद होते आहे. अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेबरोबर विकसित झालेली आठ चाकी चिलखती गाडी ‘व्हॅप’ मोरोक्कोत बेरशीदच्या कारखान्यात बनू लागली आहे. उलट दिशेने, पुण्यात बनणारी चिलखती गाडी ‘कल्याणी एम-४’ मूळ दक्षिण आफ्रिकेच्या आराखड्यावरची. या दोन्ही नव्या गाड्या आहेत. जुन्या ताफ्यांचं काम मात्र लहान वर्कशॉपकडेच येणार, म्हणून ते नीट करायला हवं.

आमच्याकडे चौकशी पाठवताना

इंजिनाचं मॉडेल आणि हीट-रिजेक्शनचा (इंजिन किती उष्णता बाहेर टाकतं त्याचा) तक्ता. गाडीचं रिकामं आणि भरलेलं वजन. देश, जास्तीत जास्त तापमान आणि उंची. इंजिन-खणाचे चार बाजूंनी फोटो, प्रत्येकात मोजपट्टी ठेवून. बाहेरच्या जाळीची उघडी जागा चौरस सेंटिमीटरमध्ये. सध्याच्या आणि नव्या विजेच्या भाराची यादी. हे सगळं हाती आल्यावर ड्रॉइंग आणि दर एकत्रच देतो. जाळीचं माप नसेल तर नुसता दर देत नाही, कारण तो दर पुढे बदलावाच लागतो.